अकरा मिनिटं

"अजून किती?" जयवंताबाईंनी साखर कारखान्याच्या ऑफिसच्या दारातून विचारलं.

"पाच मिनिटं, आई." पाच नव्हती, आठ होती. श्रेयानं मान वर केली नाही.

कारखान्याचा ऊसनोंदणीचा प्रोग्राम ती जुन्या जावास्क्रिप्टमधून टाइपस्क्रिप्ट या जास्त काटेकोर संगणकभाषेत नेत होती, एकेक फाइल करून. नोंदणी बंद ठेवून सगळं एकदम बदलायला परवानगी नव्हती. म्हणून निम्मा नवा, निम्मा जुना. आणि एक शब्द बदलला तरी सगळं पुन्हा तपासून जोडायला संगणक अकरा मिनिटं घ्यायचा. आज सकाळच्या फाइलीनं नोंदणीच अडवली. व्हरांड्यात कोऱ्हाळे गावची पंधरा-वीस शेतकरी माणसं सातबारे घेऊन बसली होती.

फाटकाशी आईला न्यायला आलेल्या झुंबरदादांची जीप उभी होती. आई गुलबर्ग्याला थोरल्या लेकाकडं निघाली होती, कायमची. भिगवण स्टेशनपर्यंत सोडायला येईन, असं श्रेयानं कबूल केलं होतं.

पडद्यावर लाल ओळ उमटली. गट नंबर आकडा हवा, इथं १४२/२अ आहे.

"नंबर म्हटल्यावर आकडाच धरला मी," ती पुटपुटली.

जयवंताबाई आत आल्या. "गट कुठं नुसता आकडा ऱ्हातोय, बाई? तुझ्या चुलत्यानं वाटणी मागितली आन् आपल्या गटाला शेपूट फुटलं. मोजणीवाला आला तवा तू पाळण्यात हुतीस. तुझ्या मशिनीला भाऊ न्हाईत, तिला काय ठावं."

श्रेयानं एक शब्द बदलला आणि बटण दाबलं. "पुन्हा अकरा मिनिटं."

व्हरांड्यातल्या शेतकऱ्यांतले आप्पासाहेब डोकावले. "ताई, आज हुतंय का मुक्कामाला डबा सांगू?"

"होतंय, आप्पा."

"सगळं नवं कवा व्हायचं?" आईनं विचारलं.

"दोन वर्षं तरी लागतील."

आईनं पिशवी उचलली. "म्हंजी तवर तुला हितनं उठता येत न्हाय."

श्रेया तिच्या मागोमाग फाटकापर्यंत आली. वाकून पाया पडली. जयवंताबाई जीपमध्ये चढल्या आणि पलीकडं सरकल्या.

"बस."

"आई, मला नाही येता येणार."

"ठाऊक हाय. अकरा मिनिटं हायत न्हवं?"

झुंबरदादांनी घड्याळ पाहिलं. किल्लीवरचा हात काढून घेतला.

आईची पिशवी मांडीवर घेऊन श्रेया शेजारी बसली. दोघी समोरच्या काचेतून रस्त्याकडं बघत राहिल्या. जीप जागची हलली नव्हती.