मठ्ठाचं सोंग

माझा लेक लिंडन तेरा वर्षं रग्बी लीग खेळला, आघाडीच्या फळीत, अंगावर टकरी घेत. अख्ख्या कॅसलफर्डात असा गडी नाही. हंगामाआधी क्लबचा डॉक्टर सगळ्यांची स्मरणशक्ती तपासून ठेवायचा. डोक्याला मार बसला की पुन्हा तपासायचा, आधीपेक्षा कमी आठवलं तर खेळ बंद. म्हणून पोरं पहिल्या तपासणीत मुद्दाम चुकायची. लिंडनला मीच शिकवलं होतं, "मठ्ठ बनून ये रे." काल इस्पितळातल्या डॉक्टरबाईंनी त्याला दहा शब्द ऐकवले, थोड्या वेळानं विचारले. त्याला तीनच आठवले. मी हसले. "बाई, हा सोंगाड्या आहे. ए टोणग्या, इथं तुला कोण संघाबाहेर बसवतंय? खरं सांग." "खरंच सांगतोय गं, आई." बाईंनी कागदावर तीनाचा आकडा लिहिला. मी उठले, त्याला कोट चढवला, बटणं लावली. अडतीस वर्षांच्या घोड्यानं ती मुकाट्यानं लावू दिली.