उडीची जागा

"दांडी खाली ठेवा आता, सर. तुमचा खांदा भरून आलाय, दिसतंय मला."

पडल्या जागी बर्फावर बसूनच पिसू म्हणाली. सरांच्या हातात लांब दांडी होती, दांडीला दोर आणि दोर पिसूच्या कमरेच्या पट्ट्याला. स्केटिंगमधली अवघड उडी शिकवताना मुलांना असंच पेलून धरायचं असतं. गेल्या वर्षी मात्र ही पोर दोराशिवाय हवेत चार गिरक्या घ्यायची. म्हणून तर सगळे तिला पिसू म्हणत. आता तिचं डोकं सरांच्या कानाला लागत होतं, आणि दोर लावूनही चौथी गिरकी पुरी होत नव्हती.

"नियमानं घात केला," सर करवादले. "मोठ्यांच्या गटात उतरायला ठरल्या तारखेआधी सतरा वर्षं पूर्ण हवीत म्हणे! आठवडाभरासाठी तुझं गेलं वर्ष वाया गेलं. वर्षापाठोपाठ उडीही गेली."

"उंची काय मी मागून घेतली?"

"ते काही असो. दुपारी स्पर्धेत पडलीस तरी चालेल, पण उडी घे. उडीवाचून तुला विचारतंय कोण?"

पिसू पट्ट्याचं बक्कल काढत राहिली.

दुपारी प्रेक्षागृह गच्च भरलं. कठड्याशी सर उभे होते, शेजारी पिसूची आई.

"नखं खाऊ नका हो सर," आई पुटपुटली. "माझीही संपलीत."

संगीत सुरू झालं. पिसू पाठमोरी येत वेग घेऊ लागली. उडीची जागा आली. सरांनी श्वास रोखला.

ती उडालीच नाही. एका पायावर, पात्याच्या नुसत्या कडेवर ती कलली आणि कलतच गेली. दुसरा पाय मागे लांबवर, हात उघडे, मान छताकडे. आता वळण संपेल, आता संपेल असं वाटे, आणि ते संपेना. कुठे रेटा नाही, घाई नाही. अख्खं रिंगण तिनं त्या एका वळणात कवेत घेतलं. संगीत क्षणभर थांबलं तेव्हा फक्त पात्याचा आवाज उरला, कोऱ्या कापडातून कात्री सरकावी तसा. खाऊच्या पुड्या कुरकुरवणारी पोरंसुद्धा गप्प झाली.

सरांची हयात बर्फावर गेली होती. असं वळण त्यांनी कधी कुणाला शिकवलं नव्हतं, कारण त्यांनी ते कधी पाहिलंच नव्हतं. गेल्या वर्षीच्या त्या आखूड पायांत ते मावलंही नसतं.

पिसू धापा टाकत कठड्याशी आली. टाळ्या थांबत नव्हत्या. ती मान खाली घालून म्हणाली, "सर, रागावू नका. उडी राहिली."

सर अजून बर्फावरच्या त्या लांबलचक रेघेकडे बघत होते.

"कुठली उडी?" त्यांनी विचारलं.