पीठ पातळ आहे

एकेचाळीस वर्षं सकाळी पाचला उघडलेलं शटर.

दोन गुडघे. त्यातला डावा जास्त वाईट.

टीव्हीसमोरची आरामखुर्ची. टीव्ही बंद.

“हं.” “बघू.” “ठेव तिथं.” नाश्त्याचं दुकान विकल्यापासून दहा महिन्यांत मालक घरात एवढंच बोलले.

एक लेक. ती म्हणाली, “आई, बाबा असेच बसून राहिले तर हातचे जातील. समुद्रावर ने त्यांना. तिकिटं मी काढलीयत.”

लोखंडी साचा, आत चौकोनी खण. लाल दिवा लागला की थांबायचं, हिरवा लागला की उघडायचं.

“पीठ पातळ आहे,” मालक म्हणाले.

जहाजावरची ही सहावी सकाळ, आणि शेवटची. उद्या पहाटे जहाज किनाऱ्याला लागणार होतं. नवव्या मजल्यावरच्या जेवणघरात, वॉफलच्या काउंटरमागे, मालक कमरेला नॅपकिन खोचून उभे होते. समोर तीसेक माणसांची रांग. शेजारी जहाजाचा आचारी, उंच टोपीतला, कालच कामाला लागल्यासारखा हात बांधून.

“दूध शेवटी घालायचं, सांगितलं होतं ना काल?”

“विसरलो, मालक.”

“परवा मीठच नव्हतं. त्याच्या आदल्या दिवशी गुठळ्या. तुम्हाला कामावर घेतलं तरी कुणी?”

“चुकलं, मालक.”

मालकांनी पातेलं पुढ्यात ओढलं. मैदा भुरभुरवला, ढवळला, पळी उचलून धार पाहिली, मान डोलावली. साचा चरचरला. मग एकामागून एक वॉफल निघू लागली, कडेला कुरकुरीत, मध्ये मऊ, खणाखणात लोणी वितळणारी. “पुढचे या. ओ चष्मेवाले, ताट सरळ धरा, ते काय पुस्तक आहे? त्या रडणाऱ्या पोरीला आधी द्या, तिची आई मागाहून खाईल.” रांग हसत होती. काही जण दुसऱ्यांदा आले होते आणि मालकांना ते ओळखू येत होते.

खिडकीजवळच्या टेबलाशी बाई बसल्या होत्या. बाई म्हणजे मालकांची बायको. पहिलं वॉफल रोज त्यांच्याकडे यायचं. त्या एकेका खणात बेताने मध भरायच्या, तेवढाच चौकोन कापायच्या, डोळे मिटून खायच्या. मग तोंड पुसून हाक मारायच्या, “अहो, बसा की जरा. सुट्टीला आलोय ना आपण?”

“तू खा,” मालक तिकडून म्हणायचे आणि दुप्पट जोराने ढवळायला लागायचे. बाईंनी एखादी गोष्ट नको म्हटली की मालकांना तीच करायचा हुरूप येतो, हे दुकानातल्या जुन्या गिऱ्हाइकांनाही ठाऊक होतं.

आज जेवणघराचा मॅनेजर आला. पांढरा कोट, खांद्यावर सोनेरी पट्ट्या.

“काका, तुम्ही प्रवासी ना? काउंटरच्या आत यायची परवानगी नाही. भाजलं-बिजलं तर जबाबदार कोण?”

“एकेचाळीस वर्षांत भाजलो नाही.”

“टेबलाशी बसा. काय हवं ते आणून देतील.”

मालकांनी नॅपकिन सोडला, घडी घातली, काउंटरवर ठेवला. डावा पाय ओढत आले आणि बाईंसमोर बसले. मॅनेजरने त्यांच्यासाठी वॉफल पाठवलं. मालक ताटाकडे बघत राहिले.

“खा ना. कसं झालंय?” बाईंनी विचारलं.

“हं.”

बाईंच्या हातातला काटा अर्ध्या वाटेत थांबला. पाच दिवस ज्या माणसाचा आवाज त्यांना नवव्या मजल्यावर कुठूनही ऐकू येत होता, तो परत एवढासा झाला होता. उद्या किनारा. परवा घर. घरात ती खुर्ची.

काउंटरवर आचाऱ्याने साच्यात पळी ओतली. पीठ कडेने ओघळलं, खाली सांडलं, जळायला लागलं. मालकांचा गुडघा टेबलाखाली हलू लागला.

“तिकडं बघू नका,” बाई म्हणाल्या.

“पातळ आहे ते.”

“असू दे. आपला काय संबंध?”

“संबंध काय म्हणजे? माणसं खातायत ते.”

मालकांनी आपल्या ताटातलं वॉफल उलटं केलं. कडा मोडून पाहिली, वास घेतला. मग म्हणाले, “असा साचा आपल्याकडे बसेल. जिन्याखालची जागा रिकामीच आहे. दोन बाकं टाकायची. मला एक उंच स्टूल, म्हणजे गुडघ्याचा प्रश्न नाही. सकाळी तीन तास फक्त.”

“अजिबात नाही,” बाई म्हणाल्या. “या वयात? लोक हसतील. मी तर पायसुद्धा ठेवणार नाही तिथं.”

“नको ठेवूस.” मालकांनी वॉफलचा मोठा तुकडा तोंडात कोंबला. “साचा येणार म्हणजे येणार. एक नाही, दोन. आणि हा टोपीवाला दारात येऊन उभा राहिला तरी त्याला ठेवणार नाही. इतका ढ आचारी मी जन्मात पाहिला नाही.”

शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. बाईंनी मान खाली घातली, उरलेल्या खणांत मध भरला आणि चवीने खाल्ला.

जहाजावर चढले त्या दुपारी, मालक खोलीत बॅगेच्या कुलपाशी झटापट करत असताना, बाई वॉफलच्या आचाऱ्याला गाठून आल्या होत्या, रोज सकाळी पीठ थोडं बिघडवून ठेवा म्हणून.