पौषातलं दूध

"चारही आत सोड," गंगाबाई म्हणाल्या.

बोकडवाल्या विक्रमसिंहाचा हात दोरावरच थांबला. गोरवा भागातल्या त्या अरुंद गल्लीत त्याचा छकडा आडवा उभा होता, आणि छकड्यातला दाढीवाला बोकड मागच्या अंगणाच्या दिशेने नाक वर करून फुरफुरत होता. दसरा झाला की बोकड दोन-तीन आठवडे इथे मुक्कामाला येई. दरवर्षी त्याच्या कुंपणात दोनच शेळ्या जात, चांदी आणि मोरी.

"दोन," पिलाजीराव म्हणाले. "राणी आणि ठेंगणी चैत्रात. ठरलेलं आहे."

"यंदा चारही."

"बोलो काका, बे के चार?" विक्रमसिंहाने गुजरातीत विचारलं. दोन काय, चार काय, त्याला सारखंच. "मारे तो बधुं सरखुं. पण छकडो रस्तामां छे."

"जरा थांब," असं म्हणत पिलाजीराव बायकोला नळाच्या कोपऱ्याकडे घेऊन गेले.

शेळ्यांच्या वर्षाचा आराखडा त्यांचा असे. रिफायनरीत त्यांनी हयातभर तेच काम केलं होतं. सगळे प्लांट एकाच वेळी दुरुस्तीला काढायचे नाहीत, एक बंद तर दुसरा चालू. निवृत्तीनंतर अंगणात चार शेळ्या आल्या आणि त्यांनी तोच नियम लावला. एक जोडी आश्विनात बोकडाला दाखवायची, ती फाल्गुनात विते. दुसरी चैत्रात, ती भाद्रपदात. विण्याआधी दोन महिने शेळीचं दूध आटवावं लागतं, पण तेव्हा दुसरी जोडी दुधात असतेच. बारा वर्षांत या घरचं दूध एक दिवसही तुटलं नव्हतं. गंगाबाई तापाने फणफणल्या होत्या त्या दिवशीसुद्धा नाही. त्या पहाटे पिलाजीराव धारेला बसले तर मोरीने लाथ मारून बादली उडवली होती. मग गंगाबाईच शाल गुंडाळून आल्या आणि चौघींना पिळून पुन्हा अंथरुणात गेल्या. फाटकापाशी येणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट ते कौतुकाने सांगत.

"अगं, चारही आता लावल्या तर पौष-माघात चारही एकदम आटतील," ते आवाज दाबून म्हणाले. "घरात थेंब राहणार नाही. निजामपुऱ्याची गिऱ्हाइकं दोन महिने वाट बघतील का? जातील दुसरीकडे."

"जाऊ देत."

या दोन शब्दांची पिलाजीरावांना भीती वाटली. गंगाबाई राणीचा कान खाजवत होत्या. नवऱ्याकडे बघत नव्हत्या.

मग पिलाजीरावांना या वर्षीचा चैत्र आठवला. राणी आणि ठेंगणी माजावरच येत नाहीत, असं गंगाबाईंनी सांगितलं होतं. म्हणून बोकड आणलाच नव्हता. ती पारख गंगाबाईंची. पिलाजीरावांनी विश्वास ठेवला होता.

"चैत्रात राणी माजावर आली होती?"

"आली होती."

"आणि ठेंगणी?"

"तीही."

म्हणजे हे चैत्रापासूनच ठरलं होतं! त्यांनी नळाला हात टेकला. पुण्याच्या मुलीचे, अवंतीचे फोन हल्ली वाढले होते. फोन आला की गंगाबाई मागच्या दारी जात आणि ते आले की विषय बदलत. एकदा मात्र त्यांनी स्पष्ट ऐकलं होतं, "थांब गं, पौषात मी मोकळी होते." तेव्हा त्यांना काही कळलं नव्हतं. आता कळलं. शेळ्या आटतील, गिऱ्हाइकं तुटतील, माघात दावणीच्या शेळ्याच विकल्या जातील. मग गंगाबाई मुलीकडे निघून जातील आणि या घरात ते आणि एक रिकामं कुंपण उरेल.

गल्लीत कुणीतरी स्कूटरचा हॉर्न लावून धरला. "काकी, जल्दी करो ने," विक्रमसिंह ओरडला, "बोकडने शरम आवे छे!"

पिलाजीरावांना हसू आलं नाही.

"सरळ सांगायचंस ना मला," ते म्हणाले. "अवंतीकडे कायमचं जायचं होतं तर. मी काय अडवलं असतं?"

गंगाबाईंनी पहिल्यांदा वर पाहिलं.

"अवंतीकडे? तिची जुळी पहाटे पाचला उठून बसतात. तिकडे कशाला जाऊ मी?"

"मग कुठे जाणार आहेस?"

"कुठेच नाही. इथेच आहे."

"आणि शेळ्या?"

"त्या कुठे जातायत? फाल्गुनात वितील. गिऱ्हाइकंही येतील परत, आणि नाही आली तर पिल्लं पितील."

"मग पौषात तू करणार काय?"

खुंट्याला बांधलेल्या चौघींकडे गंगाबाईंनी एकदा बघून घेतलं.

"तुमच्या रिफायनरीत शिफ्ट संपली की तुमच्या जागी रिलिव्हर यायचा ना हो?"

"यायचा."

"रोज?"

"रोज," पिलाजीराव म्हणाले.

हॉर्न पुन्हा वाजला. मग त्यांनी वाकून ठेंगणीचा दोर सोडला, राणीचाही सोडला, आणि दोघींना ओढत कुंपणाकडे निघाले.

"चार," त्यांनी विक्रमसिंहाला सांगितलं.

"आणि ऐका," मागून गंगाबाई म्हणाल्या, "पौषात मला आठच्या आत उठवायचं नाही. चहा तुम्ही करायचा. पिशवीच्या दुधाचा चालेल."