उलटे आटे

प्लंबरनं टिश्यू पेपर नटाभोवती गुंडाळला, मनातल्या मनात वीसपर्यंत मोजलं, मग तो सोडवून अण्णांच्या नाकासमोर धरला.

"कोरडा ठणठणीत. झालं समाधान?"

अण्णांनी कागद उजेडात धरला, दोन बोटांत चोळला, वर वासही घेऊन पाहिला. पाण्याला वास नसतो हे त्यांनाही कळत होतं, पण आज त्यांचा कशावरच विश्वास नव्हता.

"दुसरा लावा," ते म्हणाले.

सकाळपासून ते स्टूल टाकून माशांच्या टाकीशेजारी ठाण मांडून बसले होते. चार फुटी काचेची टाकी, तळाजवळ पाडलेलं लिंबाएवढं भोक, त्यात बसवलेलं काळं फिटिंग. आतून रबरी वायसर, बाहेरून नट, नटापुढे कॉक आणि तिथून थेट बाथरूमपर्यंत पाइप. नवं पाणी भरायला वरून दुसरा पाइप. गळती तपासायला टाकी पाण्यानं भरलेली, मासे तेवढ्यापुरते टबात. अण्णांची प्रत्येक गोष्टीला हरकत होती. वायसर आतून का? "पाणी आतून दाबतं, वायसर तिथंच हवा." पाना का लावत नाही, अंगचोरपणा? "पान्यानं आवळलं की काच गेलीच म्हणून समजा. हातानं आवळायचं, वर एक पाव फेरा." आणि हे भलतीकडेच काय फिरवताय? "या नटाचे आटे उलटे असतात, अण्णा. डावीकडे घट्ट, उजवीकडे सैल." प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार! ज्याच्याजवळ एवढी उत्तरं तयार असतात, त्याला कुणीतरी पढवून पाठवलेलं असतं, असं अण्णांचं पक्कं मत होतं.

पढवणारं कोण, तेही त्यांना ठाऊक होतं. सूनबाई सकाळपासून जरा जास्तच गोड बोलत होती. मुलगा रविवार असून नेमका आजच कामावर गेला होता. "आता कॉक फिरवला की झालं, अण्णा. तुमच्या पाठीला आराम," ती म्हणाली होती. पाठ! इतकी वर्षं दर रविवारी सात बादल्या बाहेर आणि सात आत, मोजून चौदा बादल्या अण्णा वाहत होते, तेव्हा कुणाला ही पाठ आठवली नाही. शिवाय परवा ती त्यांच्या थोरल्या मुलाशी फोनवर दबक्या आवाजात बोलत होती, ते त्यांनी कान देऊन ऐकलं होतं. "हो, टाकीचं आता काही अडायचं नाही." याचा अर्थ न कळायला अण्णा काही दूधखुळे नव्हते. टाकीचं अडत नाही, म्हणजे अण्णांवाचूनही अडत नाही. त्यांच्यावाचून अडेल असं या घरात तेवढं एकच काम उरलं होतं. ते गेलं की थोरल्याकडे रवानगी.

दुसरा कागदही कोरडाच निघाला.

"पाइपच्या क्लिपा गाडीत राहिल्या, घेऊन येतो," म्हणून प्लंबर खाली उतरला. सूनबाई स्वयंपाकघरात होती. अण्णांनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा आत पाहिलं. मग गुडघ्यांवर हात टेकत खाली बसले, नट मुठीत धरला आणि फिरवला. उजवीकडे.

प्लंबर परत आला तेव्हा टाकीखाली ओंजळभर पाणी साचलं होतं आणि अण्णा स्टुलावर ताठ बसले होते.

"गळतंय," ते म्हणाले. "मी सकाळपासून म्हणतोय."

प्लंबरनं नटाला बोट लावलं. नट हलला.

"हा कुणीतरी सैल केलाय."

"सैल होता तो."

"होता कसा? माझ्या हातानं आवळलाय मी!"

आवाज ऐकून सूनबाई बाहेर आली. तिनं फरशी बघितली, नट बघितला, मग अण्णांच्या सदऱ्याची ओली बाही बघितली. अण्णांनी हात मागे घेतला.

"माझ्याकडून झालं," ती प्लंबरला म्हणाली. "पुसायला आले होते. ढिला वाटला, म्हणून घट्ट करायला गेले."

"तिथंच तर घात झाला, ताई! याचे आटे उलटे. घट्ट करायला गेलात नि सैल करून बसलात." प्लंबरला आता चेव चढला. "न विचारता हात लावायचाच कशाला? मी गेल्यावर झालं असतं म्हणजे? घरभर पाणी, खालच्यांच्या छताला गळती, आणि नाव कुणाचं खराब? माझं! माणसानं जरा डोकं वापरावं!"

सूनबाई खाली मान घालून ऐकत राहिली. अण्णा तिच्याकडे बघत होते. ही असं का म्हणाली? यात हिचा काय डाव? त्यांनी उलटसुलट विचार करून पाहिला. एरवी कशातही डाव शोधून काढणाऱ्या अण्णांना यात काही केल्या तो सापडेना. आणि हा माणूस तर तोंडाचा पट्टा थांबवायला तयार नव्हता.

"तिला बोलू नका," अण्णा एकदम म्हणाले. "मी फिरवला. आणि आटे उलटे आहेत, हे मला ठाऊक होतं."

सूनबाईनं मान वर केली.

"पण का, अण्णा?"

थोरला, तो फोन, ती रवानगी, सगळं त्यांनी सकाळपासून मनात घोकून ठेवलं होतं. आयत्या वेळी त्यातलं काहीच तोंडातून निघेना. लाज वाटली.

"चौदाच्या चौदा काढून घेतल्यास, पोरी," ते म्हणाले. "दोन बादल्या तरी ठेवायच्या होत्या माझ्यासाठी."