एका हिसक्याची गाठ

सोनाजी धनगराची गाठ हाती लागली, तर पुंजारामचे दोन फायदे होते. नवा बैल सुरक्षित राहणार होता, हा एक. दुसरा त्याहून मोठा. पुढच्या वेळी बायकोला सबब उरणार नव्हती. एवढ्यासाठी छावणीच्या बाजारात आज तो तिसरी शेळी विकत घेत होता.

शेळीची त्याला गरज नव्हती. त्याचा डोळा होता खुंट्यावर. सोनाजीच्या शेळ्या चहूकडं ओढ घेत, पण गाठ जागची हलत नसे. सौदा ठरला की सोनाजी दाव्याच्या टोकाला एक हिसका देई आणि गाठ अशी नाहीशी होई, जणू खुंट्याला कधी कुणी दावं बांधलंच नव्हतं. बाईमाणसालाही सुटावी अशी गाठ!

शेळी घ्यायची आणि गाठ घरी नेऊन निवांत उलगडायची, असा त्याचा पहिला बेत होता. पण जनावर विकलं तरी दावं विकत नाहीत. दाव्याबरोबर घरची बरकत जाते. ही रीत पुंजारामलाही ठाऊक होती, फक्त हावेपुढं रीत आठवत नाही. पहिल्या बाजारी शेळी त्याच्याकडं आली आणि दावं सोनाजीच्या खांद्यावर गेलं. दुसऱ्या बाजारी ऐन हिसक्याला सोनाजीची पाठ आडवी आली. आज तो खुंट्यापाशीच उकिडवा बसला. नाक गाठीला लागायचं तेवढं राहिलं होतं.

"पाटील, शेळी हिकडं हाय," सोनाजी म्हणाला.

"शेळी राहू दे. ही गाठ दाव."

"आधीच्या दोन शेळ्या घरी कोण बांधतं?"

"बायको. शेळ्यांचं सगळं तीच बघती."

सोनाजी हसला. हिसका दिला, दावं खांद्यावर टाकलं. "मग हितवर कशाला आलाव? घरी इचारा की!"

टाळतंय लेकाचं, असं म्हणत पुंजाराम शेळी ओढत पडेगावच्या वाटेला लागला.

गाठीच्या बाबतीत त्याला कुणी घरी विचारायला सांगावं, हे जरा अतीच होतं. पुंजारामची गाठ गावात नावाजलेली. गाठीवर गाठ आणि वरून पाण्याचा शिपका. "आपलं दावं तुटंल, सुटायचं नाय," असं तो चारचौघांत सांगे. रोज सकाळी ती लोखंडी खिळा घालून उकलावी लागे, त्याचाही त्याला अभिमानच. खिळा कायम कोपरीच्या खिशात. पोलीस ॲक्शनच्या साली जन्मलेला त्याचा पाखऱ्या बैल त्याच गाठीनं दावणीला बांधलेला असे.

गेल्या चैत्रात भरदुपारी गोठ्याला आग लागली. पुंजाराम मळ्यात होता. तो धावत आला तेव्हा छप्पर बसलं होतं. पाखऱ्या आत, आणि बायकोच्या, दगडाबाईच्या, पाचही शेळ्या बाहेर, लिंबाखाली.

"तुला तुझ्या शेळ्या दिसल्या, माझा बैल नाय दिसला?" एवढंच तो बायकोला बोलला. पुढं वर्षभर मीठभाकरीपुरतंच. दगडाबाईनं उत्तर दिलं नाही. बोटांना चिंध्या बांधून ती महिनाभर भाकरी थापत होती. भाजलं असेल, म्हणून त्यानंही विचारलं नाही.

तिसरी शेळी दारात बघून दगडाबाई कपाळाला हात लावणार होती, पण लावला नाही. तिनं शेळी घेतली, खुंट्याला बांधली आणि चुलीकडं वळली. सोनाजीचं बोलणं पुंजारामला अजून टोचत होतं. जन्मात पहिल्यांदा त्यानं शेळीच्या खुंट्याकडं नीट पाहिलं.

"अगं, थांब! ही तर तीच हाय!"

"कुठली?"

"परत बांध. सावकाश."

दगडाबाईनं परत बांधली. "शेवटी टोक आरपार काढायचं नाय. दुमडून घालायचं, बस."

त्यानं बांधून पाहिली. शेळीनं ओढ घेतली, गाठ ढिम्म. टोकाला हिसका दिला, शेळी मोकळी. वर्षात पहिल्यांदा पुंजाराम खळखळून हसला. मग नव्या बैलाकडं गेला. बांध, सोड, बांध, सोड. बैलच कंटाळला.

"बैलाच्या ओढीला टिकंल का गं?"

"माझ्या आईनं म्हशी बांधल्यात हिच्यात."

"मग मला कधी बोलली नाहीस?"

"बोलले व्हते. लग्नाच्या दुसऱ्या साली. बाईच्या गाठीला बैल थांबत नसतो, म्हणलाव."

पुंजारामच्या हातातलं दावं थांबलं. शेळ्यांचं कोडं त्याला आत्ता सुटलं. "म्हणून त्या दिशी शेळ्या तेवढ्या सुटल्या व्हय?"

"शेळ्या शेवटी सोडल्या." दगडाबाई आपल्या बोटांकडं बघत होती. दोन नखं अजून वाकडीच उगवली होती. "आधी पाखऱ्यापाशीच बसले. अंगावर ठिणग्या पडेस्तोवर. इळा तुमच्यापाशी, खिळा तुमच्यापाशी. माझ्यापाशी नखंच व्हती."

"वर्षभर गप का राहिलीस मग?"

"तुमच्याच गाठीपायी गेला, असं सांगितलं असतं, तर तुम्हाला भाकरी गोड लागली असती?"

पुंजारामचा हात आपसूक कोपरीच्या खिशात गेला. खिळा तिथंच होता. गाठ मारली होती त्यानं. मोल भरलं पाखऱ्यानं एकरकमी, आणि दगडाबाईनं वर्षभर, रोज थोडं थोडं.