ठमीचा चेंडू

“पोटच्या पोरावर कुत्रं सोडताय?” बायकोनं दारातच त्याची वाट अडवली.

“सोडत नाहीये. नुसतं हुंगू दे,” तो म्हणाला आणि ठमीचा पट्टा सैल केला. ठमी पोलीस खात्याची नशेचा माल हुंगून काढणारी कुत्री, तो तिचा सांभाळणारा. नियम धाब्यावर बसवून आज त्यानं तिला घरी आणलं होतं, कारण संशयानं त्याला घास गोड लागत नव्हता. मुलाचे डोळे लाल, खोलीचं दार सदा बंद, विचारलं तर “अभ्यास करतोय, बाबा.” अभ्यास! असले अभ्यास त्यानं खूप पकडले होते.

एरवी ठमीचाही उपयोग नव्हता. सरकार एका नशेवर बंदी घालायचं, की कारखानेवाले जरासा फेरफार करून दुसरी बाजारात आणायचे. कायद्यात नाही ते कुत्र्याला तरी कोण शिकवणार? ते नाकासमोरून जायचं आणि ठमी शेपूट हलवत बघत राहायची. अशाच एका नव्या रसायनावर आत्ता कुठे बंदी आली होती. नाव हातभर लांब. दुकानात ते कुठल्या नावानं खपत होतं, देव जाणे. मग ठमीला त्याचा वास शिकवला. सापडलं की समोर बसायचं, बक्षीस म्हणून चेंडू. पण ती सारखी येऊन त्याच्याच पुढ्यात बसायची. “धन्यावर जीव जडलाय हिचा!” म्हणून सगळे हसले. तोही हसला.

ठमीनं मुलाची बॅग हुंगली, गादी हुंगली, बूट हुंगले. मुलगा भिंतीला टेकून बघत होता. ठमी कुठेच बसली नाही. बाहेर आली आणि बापाच्या पुढ्यात बसली.

“ऊठ गं, लाड पुरे!” तो खेकसला. त्याला हायसं वाटायला हवं होतं. पण संशय एकदा घरात शिरला की सहजी निघत नाही. पोरगं बाहेर कुठेतरी लपवत असणार!

रात्रपाळीला निघायचं होतं. बायकोनं चहा पुढे केला. त्यानं सदा खिशात असणारी डबी काढली. किराणावाल्याकडची जडीबुटीची पूड. तिच्याशिवाय हल्ली त्याचा डोळा उघडा राहत नसे. चमचाभर चहात टाकून त्यानं डबी टेबलावर ठेवली.

ठमी त्याच्यापुढून उठली. टेबलापाशी गेली आणि डबीकडे नाक करून बसली. हलेचना.

त्याचा कप ओठांपाशीच थांबला.

“बाबा,” मुलगा हळूच म्हणाला, “तिला चेंडू द्या. बरोबर बसलीय ती.”